जा-ये

आमच्या खोऱ्यात ह्या तारेला 'वारगेल' म्हणतात, म्हणजे जा-ये.
ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पोलादी दोर,
दोराला लोखंडी पाळणा,
ह्या टोकाला डिझेलचं इंजिन आणि मी, सेयफी.
चहाच्या पानांची गाठोडी इकडे येतात,
पीठ, सिलिंडर, रबरी बूट तिकडे जातात.
माणसं बसवू नयेत, असा पत्रा मीच ठोकलेला.

पलीकडून दगडानं तारेवर ठोकतात.
एक ठोका: थांब. दोन: ओढ.
चाळीस वर्षांत तिसऱ्या ठोक्याची गरज पडली नाही.

पावसाला मी नावं ठेवणार नाही.
काळ्या समुद्राच्या ह्या काठावर तो घरजावयासारखा असतो,
उठत नाही, जात नाही, कुणी विचारतही नाही.
पण त्या रात्री अडीच वाजता
डोंगरातून दळण दळल्यासारखा आवाज आला
आणि मातीचा वास, आतल्या मातीचा,
जो फक्त कबर खणताना येतो.

आजोबांच्या वेळी त्या उतारावर चेस्टनट होते.
आम्ही ते तोडले, चहा लावला.
चहाची मुळं उथळ, आमच्यासारखी, वरवरचं धरून ठेवणारी.
खाली समुद्राकडेनं महामार्ग गेला
तेव्हा इंजिनियरनं ओढ्याला दोन पाईप दिले:
एवढ्यात भागव.
ओढ्यानं भागवलं, एकोणीस वर्षं.

फोनवर हमियेत. ओरडली नाही.
म्हणाली, सेयफी, पाळणा रिकामा पाठव.

रिकामा पाठवला.
दोन ठोके. ओढला.
टॉर्चच्या उजेडात एतेरी,
दर मे महिन्यात जॉर्जियाहून पानं खुडायला येणारी,
आणि तिच्या पोटाशी चहाच्या चादरीत बांधलेली
हमियेतची नुरदाने, सहा वर्षांची,
एका पायात बूट.
एतेरी माझ्या भाषेत एवढंच म्हणाली: परत. परत.

परत पाठवला.
खाली वखारीतले ओंडके पुलावर आदळत होते
एकामागून एक, दार ठोठावावं तसे.
त्यात मी माझे दोन ठोके शोधत होतो.
हे होते का? हे?
हात लिव्हरवर.
एकदा वाटलं, आले.
आणि तेवढ्यात तार सैल पडली.

सांगता येत नाही ते.
गळाला मासा असतो
आणि मग नसतो,
हे मनगटाला आधी कळतं.

सकाळी समोर डोंगर होता, पण सोललेला.
समुद्र शांत, भाजीच्या पाण्यासारखा तपकिरी,
त्यावर ओंडके, एक फ्रीज, मधमाश्यांच्या पेट्या.
मशिदीच्या भोंग्याला वीज नव्हती,
इमाम इद्रिस पायऱ्यांवर उभं राहून नुसत्या गळ्यानं
मेलेल्यांची नावं सांगत होता,
आणि तेराव्या नावाला त्याचा आवाज बसला.
उरलेली त्याच्या मुलानं वाचली,
काही चुकीची.

नगरपालिकेच्या माणसानं एतेरीला विचारलं, कागद?
कागद नव्हता.
तो मेलेल्यांच्या यादीत शोधत राहिला,
बेपत्तांच्या, मग जिवंतांच्या.
ती समोर उभी होती, भाकरी चावत.

मग मला विचारलं, पाळण्यात माणसं बसवली कुणी?
मी म्हणालो, मी.
त्यानं लिहून घेतलं.

बाराव्या दिवशी मासेमारीच्या जाळ्यात हमियेत आली.
तिच्या मुठीत दगड होता असं लोक म्हणतात.
मी विचारायला गेलो नाही.

माझ्याकडे डिझेलच्या हिशोबाची वही आहे.
डावीकडे 'जा', उजवीकडे 'ये',
पानाच्या शेवटी कुणाचं किती देणं.
तिचं अकरा खेपांचं येणं बाकी होतं.
बारावी लिहिली. जा, ये.
तेरावीला 'जा' लिहिलं
आणि नुरदाने मागून येऊन म्हणाली,
इथे रिकामं का?

आता नवा खांब उभा राहतोय, सिमेंट ओलं आहे.